भांगेच्या झाडातील द्रव्ये



आपल्या भिवापूरची मिरची आणि बाजारातली ढोबळी मिरची शेजारी शेजारी ठेवून पाहा. वनस्पतिशास्त्र म्हणते, दोघींची जात एकच. पण एकीने डोळ्यांत पाणी येते, तर दुसरीची आपण भाजी करून खातो. तिखटपणाचे द्रव्य एकीत भरपूर, दुसरीत जवळजवळ नाहीच. भांगेच्या झाडाचेही असेच आहे बरं का!

या झाडात शंभराहून अधिक विशेष द्रव्ये सापडली आहेत. त्यांतली दोन मुख्य. एक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी. नशा येते ती मुख्यतः याने. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ साली त्याची रचना उलगडली. दुसरे कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. त्याने नशा येत नाही. मौज अशी की, दोन्ही द्रव्ये झाडात एकाच मूळ द्रव्यापासून बनतात. कोणते अधिक बनायचे, हे बहुतांशी बियाण्याच्या वंशावर ठरते. म्हणून धाग्यासाठी लावलेल्या वाणात टीएचसी नाममात्र असते, तर नशेच्या वाणात त्याच्या कितीतरी पट.

पण एकट्या बियाण्यावर भागत नाही. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. मादीच्या फुलोऱ्यावरील बारीक ग्रंथींच्या चिकात ही द्रव्ये साठतात. पानांत ती कमी, देठात त्याहून कमी आणि बियांच्या आत जवळजवळ नसतातच.

नागपूर ज्याची राजधानी होती, त्या जुन्या मध्य प्रांतात खांडव्याकडे परवान्याने गांजाची शेती होत असे. तिथले शेतकरी नर झाडे वेळीच उपटून टाकीत. फुलोऱ्यात बी धरले नाही की चीक वाढतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट. हिरव्या झाडात टीएचसी आम्लरूपात असते आणि त्या रूपात नशा आणत नाही. चिलमीचा विस्तव किंवा चुलीची आच लागली, की ते बदलते. उलट माल जुना झाला, हवा-उजेड लागला, की टीएचसी घटत जाते.

आता सांगा, समोरच्या पुडीत किंवा भांगेच्या गोळीत किती टीएचसी आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कोण ओळखणार? रंगाने नाही, वासाने नाही. प्रयोगशाळेतच ते कळते. म्हणून “गेल्या शिमग्याला एवढीच घेतली होती, काही झाले नाही” हा हिशेब फसवा आहे. त्यात खाल्लेली भांग चढायला कधी कधी दोन तासही लागतात. “काही होत नाही” म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग घाबरणे, भास होणे, छाती धडधडणे सुरू होते. असे झाले तर त्या माणसाला एकटे सोडू नका. दवाखान्यात न्या आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा.

शिक्षक बंधूभगिनींनो, “झाडपाल्याने काय होते?” असे मुले विचारतील. त्यांना मिरचीचा दाखला द्या. कोवळ्या वयात हे वारंवार घेतल्याने मनोविकाराचा धोका वाढतो, हेही समजावून सांगा.

आणि शेतकरी बंधूंनो, धाग्याचे वाण म्हणून कुणी बी आणून दिले, तर आधी कायद्याची चौकशी करा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. बी पाहून त्यातला वंश ओळखता येत नाही. शिक्षा मात्र पेरणाऱ्याला होते.