कुणाकडे आहे, ते लिहून ठेवा

आज बचत-कर्जाचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि हौसेनं काढलेल्या छोट्या अंकांबद्दल बोलू.

टीव्हीवरची आवडती मालिका पाहिली की दुसऱ्या दिवशी आपण खुरपताना त्यावरच बोलतो. तिनं तसं करायला नको होतं, पुढं असं झालं तर बरं होईल. अमेरिकेतल्या काही बायकांनी हेच बोलणं कागदावर उतरवलं आणि छापलं.

तिकडे १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही अवकाशयानातल्या प्रवासाची मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी देव्हरा लँगसम आणि शेर्ना कमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचा अंक काढला. स्पॉक हे त्या मालिकेतलं लाडकं पात्र. १९७० पर्यंत त्याचे पाच अंक निघाले. त्यात गोष्टी होत्या, लेख होते, कविता आणि चित्रं होती. अशा अंकांना 'फॅनझीन' म्हणतात, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं मासिक. विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये ही रीत १९३० पासूनची. पण 'स्टार ट्रेक'च्या अंकांत लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

हे अंक काढणं म्हणजे मेहनतच. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर पानं काढायची. आपल्याकडे शाळेतले पेपर असेच निघायचे, मराठीतली काही लघुअनियतकालिकंही अशीच निघाली. मग पानांचे गठ्ठे टेबलावर मांडायचे, भोवती फिरत एकेक पान उचलून अंक जुळवायचा, पिना मारायच्या आणि पोस्टात टाकायचा. किंमत ठेवायची ती कागद, शाई आणि टपालाचा खर्च निघेल एवढीच. विज्ञानकथांच्या कितीतरी फॅनझीनमध्ये तर अंक कसा वाटला याचं पत्र पाठवलं, तरी पुढचा अंक मिळायचा.

एवढी ओढ कशाची? आपलं लिहिणं छापायला कुणा मोठ्या संपादकाची परवानगी लागत नव्हती. दूरच्या गावातली अनोळखी बाई तो अंक वाचून पत्र लिहायची. आपल्यासारखंच वेड आणखी कुणाला आहे, हे कळायचं. आणि अंक हातात धरता यायचा, जपून ठेवता यायचा.

पण जपणं सोपं नसतं. पिना गंजतात, हलका कागद पिवळा पडून तुटतो, जांभळ्या शाईची अक्षरं उजेडानं फिकट होतात. प्रती मुळातच थोड्या. जपणारी बाई गेली, की घरच्यांना तो रद्दीचा गठ्ठा वाटतो.

म्हणून आता या अंकांच्या याद्या इंटरनेटवर होत आहेत. चाहत्यांच्याच एका ना-नफा संस्थेनं २००८ मध्ये 'फॅनलोर' नावाचा माहितीकोश सुरू केला. त्यात कुणीही भर घालू शकतं. अंकाचं नाव, क्रमांक, साल, संपादक, पानं, आत कुणाचं काय आहे, हे तिथं नोंदवतात. आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष अंक जतन केले आहेत. अंक कपाटात असला तरी यादीत नसेल, तर शोधणाऱ्याला तो सापडणार कसा?

यात एक नाजूक गोष्ट आहे. त्या काळी काहींनी घरच्यांच्या किंवा नोकरीच्या भीतीनं टोपणनावानं लिहिलं. म्हणून टोपणनावाला खरं नाव जोडून उघड करू नये, हा नियम फॅनलोरनं पाळला आहे. यादी करणं वेगळं आणि अख्खा अंक जगासमोर मांडणं वेगळं. मांडायचं असेल, तर लिहिणारीला आधी विचारायला हवं.

हे आपल्या कामाचं आहे. आपल्या गावागावांतही हस्तलिखितं आहेत, मेळाव्याला काढलेल्या पुस्तिका आहेत, ओव्या उतरवलेल्या वह्या आहेत. कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर. आपण बचतीचा रुपयान् रुपया लिहून ठेवतो, पण बायकांनी लिहिलेल्या शब्दांची नोंद कुठंच नसते.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक कोरी वही घेऊ. तिच्यात पाच रकाने आखू: काय आहे, कोणत्या सालचं, कुणी लिहिलं, किती पानं, आता कुणाकडे आहे. साल आठवत नसेल तर 'थोरलीच्या लग्नाआधी' एवढं लिहिलं तरी चालेल. जिला नाव नको असेल, तिचं नाव लिहायचं नाही. गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढून दोरा ओवू. फोटो काढून इंटरनेटवर टाकायचं पुढं सगळ्यांना विचारून ठरवता येईल. वस्तू जिची तिच्याकडेच राहील, वही मात्र गटाकडे राहील.

पहिली नोंद कुणाची, ते बैठकीतच ठरवू.