चाकांवरचे घर



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. आज इथे तर उद्या तिथे, अशा माणसाविषयी आपण ती वापरतो, आणि बहुधा कीव करूनच वापरतो. परंतु खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे हौसेने, पदरचे पैसे मोडून असे बिऱ्हाड विकत घेतात, असेही देश आहेत. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायचे हे घर. अमेरिकेत त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, इंग्लंडात कॅराव्हॅन. या घराची सुखे कोणती आणि कटकटी कोणत्या, ते आज पाहू.

या हौसेचा आरंभ मोटारीने झाला नाही, घोड्यांनी झाला. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. आरमारात शल्यवैद्य म्हणून नोकरी केलेले आणि पुढे मुलांसाठी गोष्टी लिहिणारे. त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्यात सहलीसाठी मुद्दाम एक घरगाडी बांधून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. १८८५ च्या उन्हाळ्यात दोन घोडे जुंपून ते इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. संगतीला नोकर, गाडीवान, कुत्रा आणि पोपटसुद्धा! नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि रस्ता मोकळा आहे की नाही ते पाही. जत्रेला निघालेली आपली छपराची बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पुढे मोटारी आल्या आणि घोड्यांची जागा त्यांनी घेतली. अमेरिकेत वॉली बायम या गृहस्थांनी १९३६ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट ठोकलेली, गोल पाठीची एक घरगाडी बाजारात आणली. तिच्यात चार माणसे झोपू शकत. याच बायम यांच्या पुढाकाराने १९५९ साली अशा ४१ गाड्यांचा तांडा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपटाउनहून उत्तरेकडे कैरोला निघाला. वाटेत चिखल, नद्या, मोडलेले आस, सगळे आले. पण तांडा कैरोला पोहोचला.

अशा घरात असते तरी काय? दहा-बारा हात लांबीच्या जागेत पलंग, चूल, मोरी, संडास आणि पाण्याची टाकी. दिवसा जेवायचे टेबल, रात्री तेच खाली सारले की बिछाना. सुख असे, की जिथे मन रमेल तिथे थांबावे. सकाळी दार उघडावे तर समोर तळे. मुलाबाळांना आपलेच अंथरूण, आपल्याच हातचा चहा, आणि शेजारी रोज नवा.

आता दुसरी बाजू. पहिली गोष्ट वजनाची. बैलगाडी हाकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जुपण्या आवळतात. पुढे फार झाला की बैलांचे खांदे सोलतात. मोटारीमागच्या घराचेही हेच. अमेरिकेतला ठोकताळा असा, की एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ भाग पुढच्या आकड्यावर यावा. म्हणजे घर दोन टनांचे असेल तर २०० ते ३०० किलो. मागे भार वाढला तर वेगात असताना ते घर शेपटासारखे हलू लागते. अशा वेळी मोटारीचा ब्रेक दाबण्याचा मोह आवरावा लागतो. वेग हळूच कमी करायचा आणि घराच्याच चाकांचा ब्रेक लावायचा, हा उपाय.

दुसरी गोष्ट, मागे घेणे. मोटारीचे चाक डावीकडे वळवले की मागचे घर उजवीकडे जाते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ज्यांनी ती वाड्यात मागे घेतली आहे, ते मनाशी हसतील. कित्येक जोडप्यांचे पहिले मोठे भांडण याच वेळी होते, असे तिकडे गमतीने म्हणतात!

तिसरी गोष्ट पाण्याची. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो ओझे. वापरलेले पाणी वेगळ्या टाकीत, संडासाचे त्याहून वेगळ्या टाकीत. ही टाकी ठरलेल्या जागी नेऊन स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागते. तिथे नोकर नाही आणि मेहतरही नाही. मालकानेच हातमोजे चढवायचे. आपले केलेले आपणच निस्तरायचे, हा धडा त्या घरात आपोआप मिळतो.

शिवाय थंडी. पाणी गोठले की सुमारे शेकडा ९ भाग फुगते आणि नळ्या फोडते. हे गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखे आहे. म्हणून हिवाळ्यापूर्वी नळ्या कोरड्या कराव्या लागतात. छपराच्या सांध्यातून पाऊस झिरपतो, उंदीर शिरतात, चाकांना वंगण लागते. आणि वर्षातले बरेच महिने ते घर नुसते उभे असते. उभ्या बैलालाही वैरण लागतेच. तरीही माणसे ते ठेवतात. कारण निघता येते, ही भावनाच त्यांना मोलाची वाटते.

आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हौस वाढेल, वाढू द्यावी. पण चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. दिवाळी झाली की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला गाड्या निघतात. त्यात भांडी, अंथरुणे, कोंबड्या, म्हातारी आणि शाळकरी पोर. आता पुष्कळजण ट्रकने आणि ट्रॅक्टरने जातात, एवढाच फरक. तिथे कोपीत राहणे आहे, आणि मुक्काम कुठे करायचा हे कारखाना आणि उचल ठरवते. मनात येईल तेव्हा परतता येते म्हणून त्या परदेशी घराची मौज. हंगाम संपेपर्यंत परतता येत नाही, हे या गाडीचे दुःख.

शिक्षक बंधुभगिनींनो, दिवाळीनंतर आपल्या वर्गातले कोणते बाक रिकामे होतात, हे तुम्हांला माहीत आहे. दिवाळीपूर्वीच त्या मुलांची नावे लिहून ठेवा. आईबापांना भेटा. गावातच मूल राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय होते, ती त्यांना समजावून सांगा. मूल गेलेच, तर कोणत्या कारखान्यावर गेले ते विचारून तिकडच्या शाळेला कळवा. आणि चैत्रात ते परत येईल, तेव्हा त्याला हजेरीच्या वहीत आपले नाव तसेच दिसू द्या.