कूलर घरी दुरुस्त करताना

श्रोतेहो, एप्रिल लागला की आमच्या नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : पंखा तर फिरतो, पण हवा काही गार लागत नाही. मग कोणी मिस्त्रीकडे धावतो, कोणी नव्या कूलरची किंमत विचारतो. माझे म्हणणे, जरा थांबावे. पुष्कळदा हे दुखणे घरच्या घरी बरे होणारे असते.

कूलरचे तत्त्व आपल्या माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. तेव्हा पंखा चालू असून गारवा नसेल, तर आधी ताट्या नीट भिजतात का ते पाहावे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पंपाच्या जाळीवर आणि वरच्या नळीच्या भोकांत बसतात. जाळी ब्रशने घासावी, भोके तारेने मोकळी करावी. ताटीतले गवत क्षारांनी कडक झाले असेल, तर तेवढे गवत बदलावे. खर्च थोडका आणि काम तासाभराचे.

पण आता माझीच फजिती सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पंप अडला. मी बटण बंद केले आणि टाकीत हात घालणार, तोच सातवीतली मुलगी ओरडली, "बाबा, आधी प्लग काढा!" मी हसलो, पण प्लग काढला. पुढे वायरमनने तपासले, तेव्हा कळले की बटण न्यूट्रल तारेवर बसवलेले होते. म्हणजे बटण बंद असूनही पंपापर्यंत वीज येतच होती!

पत्र्याची टाकी, ओली फरशी, अनवाणी पाय. विजेला आणखी काय हवे? म्हणून प्लग काढल्यावाचून कूलरला हात लावू नये, पाणीसुद्धा भरू नये. प्लग तीन पिनांचाच असावा आणि घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. मोटार नुसती घुं घुं करीत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. त्यात वीज साठून राहू शकते. ते काम वायरमनचे.

शिक्षकबंधूंनो, माठाचा धडा शिकवाल तेव्हा मुलांना हा प्लगचा धडाही द्या. कोणत्या घरात तो कोणाचा जीव वाचवील, सांगता येत नाही. माझ्या घरी तो मुलीनेच मला दिला.