बंदुकीचा पहारा

दुबळ्या समाजाने स्वसंरक्षणार्थ हाती शस्त्र धरावे काय, हा प्रश्न नीतीच्या अंगाने पुष्कळ चर्चिला गेला आहे. मी तो राज्यकारभाराच्या अंगाने पाहणार आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला असल्यामुळे ह्या बाबतीत केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण नाही.

लुइझियाना राज्यात जोन्सबरो नावाचे एक लहानसे गाव आहे. १९६४ साली तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून कू क्लक्स क्लॅनच्या मोटारींचा ताफा फिरला, आणि त्याच्या अग्रभागी चक्क पोलिसांची गाडी होती! त्यानंतर वस्तीतली माणसे बंदुका घेऊन रात्रीचा पहारा करू लागली; त्यांत युद्धावरून परतलेले सैनिकही होते. ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ हे त्यांच्या संघटनेचे नाव. पुढील वर्षी बोगालूसा ह्या कागदगिरणीच्या गावी तिची शाखा निघाली. घरांवर गोळ्या झाडणाऱ्यांना तेथे उलट गोळी मिळू लागली. उघड रक्तपाताची चिन्हे दिसताच संघसरकारचे न्यायखाते १९६५ च्या जुलैत न्यायालयात गेले. क्लॅनविरुद्ध तर खरेच, पण निदर्शकांचे रक्षण न करणाऱ्या स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांविरुद्धही. बंदुकीने ही वस्ती राखली, ह्यात शंका नाही. मात्र तिचा रोख खाजगी गुंडांवर होता, आणि गावच्या पोलिसांच्या डोक्यावर आणखी एक सरकार बसलेले होते.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने बंदूक पोलिसांसमोरच नेली. (मुंबईच्या दलित पँथरने १९७२ साली आपले नाव घेतले ते ह्याच पक्षावरून, ही सशस्त्र गस्त मात्र घेतली नाही.) भरलेले शस्त्र उघडपणे बाळगण्यास त्या राज्यात तेव्हा मुभा होती. पोलिसांची गस्त निघाली की हे तरुण सशस्त्र तिच्या मागोमाग जात. १९६७ साली विधिमंडळाने कायदाच बदलला आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली. सरकारी दप्तरात वर्षे काढलेल्या मजसारख्यास ह्याचे नवल वाटत नाही. शासनाकडे काडतुसांइतकीच कलमेही असतात.

काडतुसांचीही वाण पडली नाही. १९६९ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये पँथरांच्या कचेरीवर पोलिसांच्या ‘स्वॉट’ ह्या नव्या पथकाने छापा घातला. चार तासांहून अधिक काळ गोळीबार चालला. ह्या विशेष पथकाची ती पहिली मोठी कामगिरी. पुढे सैन्याकडील जादा सामग्री पोलिसांना देण्याची कायद्यानेच सोय झाली, आणि २०१४ साली फर्ग्युसनच्या रस्त्यांवर निदर्शकांसमोर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. अशा बळापुढे घरातली बंदूक किती टिकणार? ती संरक्षण देत नाही. छाप्याला निमित्त तेवढे पुरवते.

तथापि शस्त्र टाकल्याने अभय मिळते, असेही मला म्हणवत नाही. १९६८ साली ऑरेंजबर्ग येथे निःशस्त्र विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व तिघांचे प्राण गेले. १९६९ च्या त्याच डिसेंबरात शिकागोत एकवीस वर्षांचा पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन पहाटेच्या छाप्यात अंथरुणातच मारला गेला. त्याच्याबरोबर मार्क क्लार्कही गेला. पोलिसांनी निदान ८२ गोळ्या झाडल्या, आतून फार तर एक सुटली, असे संघीय ग्रँड ज्यूरीला आढळले. बचावलेल्यांनी व आप्तांनी दावा लावला. १९८२ साली शहर, काउंटी व संघसरकार ह्या तिघांनी मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन तो मिटवला. शिक्षा मात्र एकाही पोलिसाला झाली नाही.