रंग पाण्यातून निघाला, पुढे काय?



शाळेत मी सातवीपर्यंतच शिकलो. पुढचे शिक्षण रंगखात्यात झाले. पाळी सुटून घरी गेलो की माझे हात पाहून आई सांगे, आज ओढा कोणत्या रंगाचा असेल! ओढ्यातला तो रंग परत काढता येतो का, एवढाच आजचा विषय.

सुती कापडाला आज बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. तो सगळाच धाग्याला धरत नाही. उरलेला मिठासकट धुवणात जातो. तमिळनाडूत तिरुपूरच्या नोय्यल नदीची यातून अशी दशा झाली की, शेतकरी न्यायालयात गेले. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खरे होते. पण कारखाना बंद पडला की कामगाराची चूलही विझते.

यावर शास्त्रज्ञ एक उपाय शोधत आहेत. सरबतातला सब्जा आठवा. तो फुगतो, पाणी धरून ठेवतो, पण विरघळत नाही. हेच हायड्रोजेल. गवारीच्या बियांचा डिंक, पिष्ट, सेल्युलोज यांच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या की अशी जाळी तयार होते. जाळीवर ऋण विद्युत्भार असला, तर मेथिलीन ब्ल्यूसारखे धनभाराचे रंग तिला चिकटतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र ऋणभाराचे. त्यांच्यासाठी जाळीवर धनभार चढवावा लागतो. शिवाय धुवणातले मीठ मध्ये येऊन रंगाची जागा अडवते. म्हणून प्रयोगशाळेतल्या पेल्यात जे साधते, ते नाल्यावर तसेच साधेल असे नाही.

गंमत पाहा, गवारीच्याच डिंकाने छपाईचा रंग दाट करून कापडावर चढवतात. ज्याच्या मदतीने चढवला, त्याच्याच मदतीने आता उतरवायचा!

पण जाळीत सापडलेला रंग नाहीसा होत नाही. जेल पुन्हा वापरायचे तर ते धुवावे लागते, आणि तोच रंग दाट होऊन पिंपात उतरतो. ते पिंप कोण उचलणार? पर्किनने १८५६ साली कृत्रिम रंग शोधला. रंगकारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली मांडले. मधल्या चाळीस वर्षांची किंमत कामगारांच्या देहांनी मोजली.

म्हणून माझे म्हणणे असे: जेल जरूर आणा; पण त्या पिंपाची विल्हेवाट, ते हाताळणाऱ्याचे हातमोजे आणि त्याची वैद्यकीय तपासणी हा खर्च पहिल्या दिवसापासून कापडाच्या किमतीत धरा. नदी जगवायची की कामगार, असा प्रश्न आम्हांला विचारू नका. कारखान्याच्या खालच्या अंगाला तेच पाणी कामगाराची बायकापोरे भरतात.