ताट दूर सारणारी लेक
(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय काढते, क्षमा असावी. पण हा आजार पंक्तीतच लपून बसतो, म्हणून पंक्तीआधीच बोलते.

माझी भाची कॉलेजात असताना जेवण टाळू लागली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग एकादशी. आम्ही तिच्या उपवासांचे कौतुक केले. अंग वाळले, पाळी थांबली, तेव्हा मी तिला हट्टी म्हणून रागे भरले. मी स्वतः डॉक्टर असून ही चूक केली.

हा हट्ट नव्हे, विकार आहे. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग यांनी त्याचे वर्णन केले. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचे.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. संकट आले की मेंदूच्या हुकमावरून त्या कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव रक्तात सोडतात. घटकाभराच्या संकटात तो उपकारक. पण उपासमार हे शरीराला रोजचेच संकट. म्हणून अशा मुलींच्या रक्तात तो बहुधा चढलेला आढळतो. हाडे ठिसूळ होण्यास तो हातभार लावतो. चिंता, उदासी आणि उडालेली झोप यांच्याशीही त्याचा निकट संबंध आहे.

उपासमार मनाचे काय करते, हे अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी पाहिले. ३६ निरोगी तरुण स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांतील पुष्कळ जण खिन्न व चिडखोर झाले, आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. ते तर धडधाकट पुरुष! मग आधीच भ्यालेल्या मुलीचे काय होत असेल? भीतीने ती जेवत नाही, आणि न जेवल्याने भीती वाढते.

म्हणून अन्न हेच पहिले औषध. वजन सावरले की कॉर्टिसॉल बहुधा उतरते. मात्र फार खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर भरवणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. मनातील भीती उशिरा जाते, त्यासाठी मानसोपचारही हवा. आणि लक्षात ठेवा, भरपूर खाऊन गुपचूप ओकणारी मुलगी दिसायला धष्टपुष्टही असू शकते.

आपण काय करावे? हळदीकुंकवाला कुणाच्या लेकीला "जाड झालीस गं" म्हणू नये. वाळलेल्या मुलीच्या उपवासाचे कौतुक करू नये. रागावण्याऐवजी तिच्याजवळ पाट मांडून बसावे आणि वेळेवर डॉक्टर गाठावा.

बरी झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, मला भूक कळत होती गं, पण भीती मोठी होती." ते वाक्य आपल्या स्वाधीन करून मी रजा घेते.