औंढ्याचा उजेड, पालीचे पाणी



बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की पाली लागते आणि पालीला लागून बिंदुसरा धरण. पावसाळा सुरू झाला की बीडकर एकमेकांना या धरणाची खबर आधी विचारतात आणि पिकांची नंतर. धरणातले पाणी डोळ्यांना दिसते, भिंतीवरच्या पट्टीवर वाचता येते. जमिनीखालच्या पाण्याचे तसे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चारदा पातळी मोजते आणि त्यावरून तालुक्याचा ताळेबंद मांडते. दोन विहिरींच्या मधल्या खडकात काय शिल्लक आहे, हे मात्र बऱ्याच अंशी अंदाजानेच ठरते.

अशा गावात, विज्ञानशिक्षकांच्या संमेलनात, क्वांटम प्रकाशशास्त्रावर अध्यक्षीय भाषण कशासाठी, असे मागच्या रांगेत कोणी पुटपुटले तर ते वावगे नाही. त्याची दोन उत्तरे आहेत. एक मराठवाड्यातच, औंढा नागनाथजवळ उभे राहते आहे. दुसरे याच जमिनीखाली आहे.

2025 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. 1925 मध्ये वेर्नर हायझेनबर्ग या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या निबंधाने पुंजयामिकीची, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची, मांडणी सुरू झाली, त्याला शंभर वर्षे झाली. 2025 चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले. हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलातही क्वांटम सुरंगन, म्हणजे अडथळ्याच्या आरपार निसटणे, घडते, हे त्यांनी 1980च्या दशकात दाखवले होते. समारंभ पुष्कळ झाले, भाषणेही झाली. मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र त्याआधीचा एक महिना जास्त महत्त्वाचा आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन निर्णय घेतले. आधी गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या 2,600 कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. मग 19 तारखेला 6,003 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या वेगळ्या छापल्या गेल्या. भौतिकशास्त्राच्या वर्गात त्या एकाच धड्यात शिकवायला हव्यात.

लायगो-इंडियाची जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळ आहे. एकमेकांना काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटर लांब. आत निर्वात नळी, टोकाला काचेच्या दोऱ्यांना टांगलेले चाळीस किलोचे आरसे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत टेबलावर मांडतात त्याच मायकेल्सनच्या व्यतिकरणमापीचे हे थोरले रूप. लेसरचा एक झोत दोन वाटांनी जातो, परत येतो, एकत्र होतो. वाटांच्या लांबीत फरक पडला तर मिळणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाते तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी तो पहिल्यांदा टिपला. सुमारे 1.3 अब्ज प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती.

इथे क्वांटम प्रकाशशास्त्र येते, आणि गोष्ट खरी रंगते. लेसरचा प्रकाश कितीही स्थिर केला तरी तो फोटॉनच्या रूपाने येतो आणि फोटॉन रांगेने येत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे ते कधी दाट, कधी विरळ येतात आणि त्यांचा खडखडाट मोजमापात मिसळतो. प्रकाश वाढवला तर तो तुलनेने कमी होतो, पण मग फोटॉनांचे धक्केच आरशाला हलवू लागतात. चाळीस किलोचा आरसा प्रकाशाच्या क्वांटम चढउतारांनी हलतो, हे ऐकायला थापेसारखे वाटते. 2020 मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी ते मोजून ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले.

यावरचा उपाय भौतिकशास्त्रज्ञ कार्ल केव्हज यांनी 1981 मध्येच कागदावर सुचवला होता. हायझेनबर्गचा नियम एकूण अनिश्चितता पुसू देत नाही, पण ती कोणत्या बाजूला किती ठेवायची याची मोकळीक देतो. आपल्याला नको त्या बाजूला ती ढकलायची आणि हवी ती बाजू स्वच्छ करायची. अशा दाबलेल्या प्रकाशाला मराठीत संपीडित प्रकाश म्हणता येईल. प्रयोगशाळेत तो 1985 मध्ये निर्माण झाला, लायगोच्या नियमित निरीक्षणांत यायला 2019 उजाडले. 2023 च्या निरीक्षणपर्वात आणखी एक पायरी चढली. तीनशे मीटर लांबीची एक वेगळी पोकळी बसवून कमी कंप्रतेला एका दिशेने आणि जास्त कंप्रतेला दुसऱ्या दिशेने प्रकाश दाबायची सोय झाली. यंत्राची नजर लांबवर पोचू लागली. कागदावरच्या कल्पनेला यंत्रात रुळायला चार दशके लागली. संशोधनाचा निधी दोन वर्षांत वसूल व्हावा असे मानणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

त्याचे फळही दिसले. 14 जानेवारी 2025 ला आलेला संकेत तोवरच्या सगळ्या संकेतांत सर्वांत स्पष्ट निघाला. विलीन झालेल्या कृष्णविवराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेहून कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांनी 1971 मध्ये मांडलेले विधान त्यातून चांगलेच भक्कम झाले.

या कथेतला मराठी धागा पुण्यातून येतो. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत संजीव धुरंधर यांनी, गुरुत्वीय लहरी म्हणजे स्वप्नरंजन असे अनेकांना वाटत होते त्या काळात, गोंगाटात बुडालेला संकेत कसा शोधायचा याचे गणित मांडले. बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध 1991 चा आहे, पहिला संकेत मिळण्याच्या चोवीस वर्षे आधीचा. धुरंधर यांच्या विद्यार्थिनी अर्चना पै आज आयआयटी मुंबईत प्राध्यापक आहेत. जगातली अनेक यंत्रे एकत्र करून एकच मोठा कान कसा तयार करायचा, यावर पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांचा निबंध 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. नारळीकर मे 2025 मध्ये गेले. औंढ्याचे यंत्र चालू झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

यंत्र औंढ्यालाच का, याचेही उत्तर याच गणितात आहे. एक यंत्र लहर आल्याचे सांगते, कुठून आली ते सांगत नाही. 2015 च्या पहिल्या संकेताची जागा आकाशाच्या सुमारे सहाशे चौरस अंशांत कुठेतरी, एवढेच कळले होते. 17 ऑगस्ट 2017 ला न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तेव्हा इटलीतले व्हर्गो यंत्रही जागे होते. क्षेत्र अठ्ठावीस चौरस अंशांवर आले आणि दुर्बिणींनी एनजीसी 4993 ही दीर्घिका काही तासांत शोधली. यंत्रे जितकी एकमेकांपासून दूर, तितका नेम अचूक. म्हणून भारतात यंत्र हवे. आणि आकाशातली ती जागा कळल्यावर पाहायला लडाखमधल्या हानले इथे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आधीच सज्ज आहे.

जागा निवडताना सपाट जमीन, कमी वर्दळ आणि शांत भूगर्भ पाहिला गेला. 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली, परभणी, नांदेडला धक्के जाणवले तेव्हा या निवडीबद्दल शंका घेतल्या गेल्या. शंका रास्त आहे, पण अशा यंत्राला खरा त्रास अधूनमधून येणाऱ्या धक्क्यापेक्षा रोजच्या रहदारीचा, खाणींचा आणि गिरण्यांचा होतो. धक्का आला तर काही तास निरीक्षण थांबते. शेजारी महामार्ग आला तर यंत्राची क्षमताच जाते. औंढ्याच्या आसपास पुढच्या काळात काय उभारू द्यायचे, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांइतकाच तिथल्या ग्रामपंचायतींचा आहे.

आता पालीच्या पाण्याकडे.

प्रकाशाला आरसा वळवतो, हे नेहमीचे. 1990च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे उलटे करून दाखवले. अणूंना वळवण्यासाठी त्यांनी प्रकाशाचा आरसा केला. लेसरच्या झोतांनी रुबिडियमचे अणू इतके थंड करायचे की त्यांची पळापळ जवळजवळ थांबावी. या थंड करण्याच्या कलेला 1997 चे नोबेल मिळाले आहे. मग तो अणूंचा ढग निर्वात नळीत खाली सोडायचा आणि पडता पडता त्यावर लेसरचे तीन स्पंद मारायचे. पहिला स्पंद प्रत्येक अणूची लहर दोन वाटांत विभागतो, दुसरा वाटा वळवतो, तिसरा त्या एकत्र आणतो. एकत्र येताना उमटणाऱ्या व्यतिकरणातून अणू किती वेगाने पडत होता, म्हणजेच तिथले गुरुत्वत्वरण किती, ते कळते. औंढ्याच्या यंत्राचे तत्त्व हेच, फक्त प्रकाश आणि वस्तू यांची अदलाबदल झालेली.

याचा विहिरीशी संबंध कसा, ते आकड्यांत पाहू. आपल्याकडच्या मुरुमाच्या थरातून एकूण आकारमानाच्या साधारण दोन टक्केच पाणी उपसता येते. विहिरीची पातळी पाच मीटरने खाली गेली, तर प्रत्यक्ष गेलेले पाणी दहा सेंटिमीटर जाडीच्या थराएवढे भरते. तेवढे वस्तुमान पायाखालून निघून गेले की वर गुरुत्वत्वरण सुमारे चार मायक्रोगॅलने कमी होते. एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाचा साधारण एक अब्जावा भाग. आजची अणूंवर चालणारी चांगली यंत्रे एका मायक्रोगॅलच्या आसपासचा फरक ओळखतात. म्हणजे बोअर न घेता, विहिरीत न डोकावता, शेताखालून पाणी गेले की आले हे तत्त्वतः सांगता येते.

हे स्वप्न नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे. 2020 मध्ये असे एक यंत्र सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर नेऊन ठेवले गेले आणि तिथल्या उन्हावाऱ्यात ते चालले. 2022 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने रस्त्याखालचे भुयार अणूंच्या साहाय्याने शोधले.

तरीही उद्या गावोगाव अशी यंत्रे येतील असे इथून सांगणे खोटे ठरेल. यंत्र महाग आहे, ते हाताळायला प्रशिक्षित माणूस लागतो. चंद्रसूर्यांच्या ओढीने गुरुत्वत्वरण दिवसभरात शंभराहून अधिक मायक्रोगॅल खालीवर होऊ शकते, ते आधी वजा करावे लागते. हवेचा दाब आणि मातीतली ओल धरावी लागते. बिंदुसरा भरले की धरणातल्या पाण्याची ओढही मोजमापात शिरणार. म्हणून निरीक्षण विहिरी बंद करायच्या नाहीत. त्यांच्या मधल्या भागातल्या पाण्याचा अंदाज खात्रीत बदलण्यासाठी यंत्र वापरायचे.

देशात या कामाची पायाभरणी जवळच झाली आहे. क्वांटम मिशनच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तिथे कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या सूक्ष्म दोषांचा उपयोग करून चुंबकीय क्षेत्राचे चित्रण करतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत उमाकांत रापोल यांचा गट रुबिडियमच्या अतिशीत अणूंवर प्रयोग करतो आणि तिथेच क्वांटम तंत्रज्ञानाचे आय-हब आहे. आयुकामध्ये सुभादीप डे यांचा गट यटर्बियमच्या एका अडकवलेल्या आयनावर प्रकाशीय घड्याळ बांधतो आहे. याच क्षेत्रातली पुण्याची क्यूप्रयोग ही कंपनी मिशनने 2024 मध्ये निवडलेल्या आठ नवउद्योगांत होती. उपग्रहांवरची अशी अचूक घड्याळे बाहेरून आणण्याची किंमत भारताने मोजली आहे. नाविक या देशी दिशादर्शन मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. 29 मे 2023 ला सोडलेल्या एनव्हीएस-01 या त्याच मालिकेतल्या उपग्रहावर देशी घड्याळ गेले.

मुंबई-पुण्याच्या या यादीत मराठवाड्याची नावे कुठे आहेत? औंढ्याचे यंत्र 2030 पर्यंत सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याला दोन दशके तरी माणसे लागतील: निर्वात नळ्यांची वेल्डिंग तपासणारी, लेसर जुळवणारी, इलेक्ट्रॉनिकी सांभाळणारी, आकडे वाचणारी. ही माणसे बाहेरून आली आणि आपल्या मुलांना फाटकावरची पहाऱ्याची नोकरी मिळाली, तर दोष दिल्लीचा नसेल. कितीतरी महाविद्यालयांत मायकेल्सनचा व्यतिकरणमापी परीक्षेच्या आठवड्यातच कपाटाबाहेर येतो आणि विद्यार्थी आकडे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवतात.

म्हणून या संमेलनाने तीन गोष्टी मागाव्यात. मराठवाड्यातल्या दोन विद्यापीठांनी, छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, प्रकाशशास्त्र आणि निर्वात तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम सुरू करावा. क्वांटम तंत्रज्ञानाचा गौण विषय म्हणून अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तयार केलाच आहे, तो जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी घ्यावा. आणि भूजल यंत्रणेने आयआयटी मुंबई व आयसर यांच्याबरोबर एक प्रायोगिक मापन बीड जिल्ह्यात करावे, ते बिंदुसराच्या पाणलोटात. तिथे धरणाची पट्टी आहे, विहिरी आहेत, यंत्राचे खरेखोटे लगेच ताडता येईल. या तिन्ही मागण्यांचा ठराव आजच्या समारोपाच्या सत्रात मांडला जाणार आहे. उपस्थित शिक्षकांनी तो वाचावा, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात आणि सही करूनच घरी जावे.